कथलाची कांडी

कथलाचा एकसंध स्फटिक वाकवला की करकरतो, हे प्रयोगशाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण संशोधकाच्या हातातली कांडी करकरत नसे, घसा खाकरायची. थेट दादांसारखी.

पहिला स्फटिक प्रयोगशाळेतल्या त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने, दादांनीच वाढवला होता. "हा मी वाढवलाय," असं संशोधकाने भर सभेत ठोकून दिलं, तेव्हा मागे बसलेले दादा उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली बसले. वर्षभरात ते वारले. त्यांच्या घरी भेटायला जायला याला तोंड होतं कुठे?

पुढच्या सगळ्या कांड्या त्याने त्याच स्फटिकाचा तुकडा बीज म्हणून लावून वाढवल्या. खाण तशी माती. प्रत्येक कांडी खाकरायची.

आज त्याचा सत्कार होता. पहिल्या रांगेत दादांची बायको, वहिनी, बसल्या होत्या.

"वाकवून दाखवा की, साहेब!" कुणीतरी ओरडलं.

मान खाली घालून त्याने कांडी वाकवली. ती खाकरली.

"अहो?" वहिनी हलकेच म्हणाल्या.

त्याचे हात केव्हाच थांबले होते. तरी कांडीने, माणूस बोलण्याआधी घेतो तसा, खोल श्वास घेतला.