सहाशे किलोमीटर

रविवारी सकाळी दहा वाजता कोल्हापुरात चौगुल्यांनी लाल स्पोर्ट्स कारवरचं कापड ओढलं. जुनी, वेगवान, पण जवळजवळ न वापरलेली अशी गाडी पुण्याचे केळकर दोन वर्षं शोधत होते. मीटर बघून ते हरखले. "वीस वर्षांत फक्त सहाशे किलोमीटर?"

"दर रविवारी जागेवरच चालू करतो. दसऱ्याला हार घालतो. रस्त्यावर काढतोय कशाला!" चौगुले म्हणाले.

शाळेची व्हॅन चालवणारी त्यांची बायको शालन चहा घेऊन आली. "कौतुक सांगताय होय? माझं अपेंडिक्स फुटायला आलं, तेव्हा पाऊस होता म्हणून ही काढली नाही. मला टेम्पोतनं नेलं, बटाट्याच्या पोत्यांवर."

"आता विकतोय की," चौगुले पुटपुटले.

केळकर समजुतीनं म्हणाले, "वहिनी, निश्चिंत राहा. मीही अशीच झाकून ठेवणार. न चालवण्यातच हिची किंमत आहे."

शालननं चहाचा ट्रे सरळ बॉनेटवर ठेवला. दोघंही ओरडले.

"चरा पडेल म्हणून ओरडता. मी कळवळत होते तेव्हा कुणी ओरडलं?" तिनं ट्रे उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि किल्ली काढून घेतली.

"अगं, आकडा वाढेल!"

"वाढू दे. गाडीच आहे ना ही?"

साडेअकराला पन्हाळ्याजवळून तिचा फोन आला. टाकी भरलीय, समुद्र बघून येते, म्हणाली. तोवर केळकरांनी भाव दोनदा उतरवला होता. एक वाजता ती आंबा घाटातून बोलली. चौगुल्यांनी आधी आकडा विचारला. तिनं फोन ठेवला. तेव्हापासून तो बंद आहे.