जिन्याने जाणारा लिफ्टवाला

लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक अकराव्या मजल्यावरसुद्धा जिन्यानेच धापा टाकत पोचायचा, कारण लिफ्टचं दार बंद झालं की त्याला दरदरून घाम फुटायचा. लहानपणी वडील चिडले की त्याला कपाटात कोंडायचे आणि स्वतः निवांत जेवायला बसायचे. आता साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "सोमवारपासून लिफ्टमध्ये उभं राहून चाचणी घ्यायची, नाहीतर घरी बसायचं."

बायकोने त्याला ओढतच स्वामीजींकडे नेलं. "अहो, सगळं सांगा हं, मुखदुर्बळासारखे बसू नका," तिने वाटेतच दटावलं. त्याने सगळं सांगितलं आणि 'वडिलांना माफ कर' हे ऐकायच्या तयारीने मान खाली घातली.

स्वामीजींनी त्याला मान वर करायला लावली. मग म्हणाले, "चूक त्यांची होती, तुझी नव्हती. माफीचं राहू दे, त्याची काही गाडी सुटत नाहीये. साहेबांना मी फोन करून मुदत मागतो. तू आधी या समुपदेशक बाईंना भेट." त्यांनी हाताळून हाताळून मऊ पडलेलं एक कार्ड पुढे केलं.

"बाई खोलीचं दार बंद करतात का हो?" मेकॅनिकचा आवाज बारीक झाला.

"आधी विचारतात, मगच करतात. फक्त मंगळवारी साडेचारची वेळ मागू नकोस."

"का? तेव्हा न विचारता करतात?"

 

"नाही रे बाबा. तेव्हा आत मी असतो, आणि मला अजून दार सताड उघडंच लागतं."