तरवडाच्या फुलांची भाजी

संसाराला बावीस वर्षं झाली, तरी अप्पाराव जेवताना करत ती चपचप ऐकली की त्रिवेणीला शिसारी येई.

त्या रविवारी नवऱ्याने हौसेने तरवडाची फुलं तोडून आणली. दिलसुखनगरात त्यांच्या मागच्याच प्लॉटवर नव्या अपार्टमेंटसाठी खड्डा खणला होता, त्याच्या काठाने ती पिवळीधमक माजली होती. त्रिवेणीने ती लसणावर परतली, वर बेसन पेरलं, मीठ बघायला चमचाभर भाजी तोंडात टाकली आणि कढईवर झाकण ठेवलं.

ती भाकरी थापत होती तेवढ्यात पाठीमागे चपचप सुरू झाली. ओली, सावकाश.

"अहो, भाकरी तर होऊ द्या. आणि तोंड मिटून खावा जरा."

"मी कुठं खायलोय?" अप्पाराव बाहेरच्या खोलीतून म्हणाले. तिथे ते नुकत्याच घेतलेल्या केबलवर मॅच बघत होते. मग त्यांनाही ते ऐकू आलं असावं. टीव्ही बंद करून ते आत आले.

चपचप झाकणाखालून येत होती.

त्रिवेणीने झाकण उचललं तसा आवाज थांबला. भाजी निम्मी झाली होती. उरलेली फुलं लाळेने बुळबुळीत झाली होती, एकेक कडेने चावलेली. फडक्यात धरून तिने कढई उचलली, मागच्या गॅलरीतून सगळी भाजी खड्ड्यात ओतली आणि साबणाने तीनदा हात धुतले.

"गेलं एकदाचं," अप्पाराव म्हणाले.

मग चपचप पुन्हा सुरू झाली, अगदी जवळून. अप्पाराव एकेक पाऊल मागे सरकत होते. ते त्रिवेणीच्या पोटाकडे बघत होते.