बिनतेलाची कढई

भांड्यांच्या दुकानदाराने तीन कढया काउंटरवर ओळीने मांडल्या आणि घरात माणसं किती, असं विचारलं. दोघंच, नवरा म्हणाला. बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

बिनतेलाचं शिजवायला कढई हवी होती, तीही फार महाग नको. दुकानदार एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणाऱ्यातला. पहिली काळी, नॉनस्टिक, हाताला अगदी हलकी. गॅस मंद ठेवायचा, लाकडी उलथनं वापरायचं, तारेची घासणी तिच्या जवळपाससुद्धा न्यायची नाही, म्हणजे सहा महिने तरी कोटिंगला मरण नाही. दुसरी त्याच जातीची, जरा जाड, दीड-दोन वर्षं जाईल. तिसरी स्टीलची, जाड बुडाची. तिला कोटिंगच नाही. आधी नुसती तापवायची, पाण्याचा थेंब टाकून बघायचा, तो मण्यासारखा पळायला लागला की भाजी टाकायची, चिकटत नाही. गॅरंटी दहा वर्षांची आणि किंमत पहिलीच्या तिप्पट.

नवऱ्याची उभी हयात कारखान्यात लेथवर गेलेली. धातू दिसला की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. त्याने पहिली कढई उचलली, बुडावर टिचकी मारली आणि हा तर नुसता पत्रा आहे, म्हणून खाली ठेवली. तिसरी उचलायला त्याला दोन्ही हात लागले. धापही लागली, ती त्याने खोकल्यात दडवली. मग बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर कसा दाबून बसवतात, हे तो दुकानदारालाच समजावून सांगायला लागला. ज्याचा धंदाच भांड्यांचा, तो बिचारा माना डोलवत ऐकत राहिला.

"ती पहिलीच द्या," बायको म्हणाली.

एवढी घाई का, ते दुकानदाराला कळलं नाही. तिला चांगलं कळलं होतं. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी नवऱ्याला रक्त तपासायला खालच्या मजल्यावर पिटाळलं होतं आणि तिला एकटीला समोर बसवून सांगितलं होतं, हृदय पार थकलंय, सहा महिने समजा. तेल बंद करा, मीठ कमी करा, तेवढंच आपल्या हातात आहे. तिने हे कुणाकडे काढलं नव्हतं, पोरीकडेसुद्धा नाही. रडू येईल म्हणून ती आठ दिवस वाट बघत होती. ते आलं नाही. भांडी घासून झाली, कपडे वाळत घालून झाले, जाऊबाईंचा फोन आला तेव्हा ती हसलीसुद्धा. आणि आता दुकानदाराच्या तोंडून सहा महिने ऐकल्याबरोबर मनात काय आलं, तर मग ही पुरेल. पुरेल! आपली आपल्याला लाज वाटायला हवी, असं तिला वाटलं. पण लाजही वाटेना. सगळं कसं गपगार पडलं होतं.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. एका गाळणीसाठी चार दुकानं पालथी घालणारी बाई आज भावसुद्धा करत नाही, तब्येत बरी आहे ना, असं त्याने तिला छेडलं. गुडघे दुखताहेत, घरी जाऊ या, एवढंच ती म्हणाली.

तो घरी जायच्या बेतात नव्हता. त्याने पहिल्या कढईकडे बोट दाखवून विचारलं, हिच्यात तेल घालून केलं तर चालतं का? दुकानदार म्हणाला, चालतं, पण आच मोठी झाली की कोटिंग गेलंच म्हणायचं. आणि ही जाड बुडाची? तिला काय, तेल घाला नाहीतर नका घालू, तिचं काही बिघडत नाही.

"मग ही जाड बुडाचीच द्या."

"अहो, तेल बंद आहे ना?" बायको म्हणाली. "तेलाचं कशाला विचारत बसलात?"

"मला बंद आहे. तुला कुठे बंद आहे?"

तो हे दुकानदारासमोर थट्टेनेच म्हणाला, आणि दुकानदार हसलाही. तिला हसू आलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघायला गेली, पण तो झाकण नीट बसतंय की नाही ते फिरवून बघत होता, कारखान्यात एखादा जॉब हातावेगळा करण्यापूर्वी बघायचा तसा.

दुकानदाराने कढई खोक्यात घातली, पैसे घेतले, गॅरंटीचं कार्ड काढलं आणि त्यावर तारीख टाकून शिक्का मारला. मग पेन उचलून तो नवऱ्याकडे वळला. "काका, नाव सांगा."

"माझं नको," नवरा म्हणाला. "दहा वर्षांचं आहे ना ते? हिचं घाला."

दुकानदाराला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाईमाणसाच्या नावाने कार्ड करणारे पुष्कळ असतात. त्याने पेन तसंच धरून बायकोकडे पाहिलं. काकू, नाव?

काउंटरची कड तिने दोन्ही हातांनी धरली आणि नवऱ्याकडे पाहिलं. या वेळी त्यानेही पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही.

शेवटी नाव त्यानेच सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. दुकानदाराने लिहिलं. नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि परत त्याच्यापुढे ठेवलं.

"वेलांटी दुसरी आहे," तो म्हणाला. "नीट करा तेवढी."