बिनखांबी पोर्च

"माणसानं पाच हजार वर्षं भिऊन भिऊन खांब लावले. आजपासून खांबाचा जमाना खलास!" असं सुंदररावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची पाठ विजेच्या खांबाला टेकलेली होती. घर तिथून साठ फुटांवर होतं.

सिरसाळ्याच्या शिवारात तसलं घर दुसरं नव्हतं. ठेंगणं, लांबलचक, सपाट माथ्याचं. रस्त्याकडं नुसती दगडी भिंत, खिडकी एकही नाही. मागच्या अंगाला मात्र काचच काच. नकाशा सुंदररावांच्या लेकीचा, संस्कृतीचा. पुण्याहून आर्किटेक्ट होऊन आली होती. या नमुन्याला मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात आणि सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत अशी घरं बांधत, असं तिनं सांगितलं तेव्हा सुंदरराव म्हणाले होते, "सत्तर वर्षं जुनं, तरी मॉडर्न? आमच्या पक्षासारखंच की."

त्या दगडी भिंतीतून पोर्चचा स्लॅब साडेअकरा फूट पुढं आला होता. हात वर केला तर तळवा टेकेल इतका खाली, आणि पुढच्या टोकाला आधार काही नाही. महिनाभर त्याला खाली टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्यांनी पेललं होतं. आज त्या बल्ल्या काढायच्या होत्या. ते बघायला चाळीसेक माणसं जमली होती, आणि सगळ्यांनाच विजेच्या खांबाजवळची जागा पसंत पडली होती.

बाहेरच्या ओळी निघाल्या. भिंतीलगतच्या शेवटच्या दोन बल्ल्या उरल्या, आणि धोंडीराम मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला.

"मालक, तीस वर्षं मी भिंतीपासून सुरू करतो अन् बाहीर निघत येतो. पडलंच तर पळता येतं. ताईची रीत उलटी, बाहीरून आत. आता पळायचं म्हणलं तर भिंतीत शिरावं लागंल."

"अशा स्लॅबला हीच रीत बरोबर आहे, मामा," संस्कृती म्हणाली. "भिंतीकडून काढलं असतं तर तडा गेला असता."

"स्लॅबला बरोबरच हाय, ताई. आमी माणसं हाओत."

"दोरी बांधा अन् लांबून ओढा की!" गर्दीतून कुणीतरी तोडगा काढला.

"झटका बसायला नको. दोन्ही बल्ल्यांखालच्या पाचरी एकदम, हळूहळू सैल करायच्या. दोन माणसं लागतील." तिनं ओढणी कमरेला खोचली, हातोडा उचलला. "एक मी."

आणि ती त्या छताखाली निघालीसुद्धा. दुसरं माणूस चाळिसांतून काही निघेना. सुंदरराव सात निवडणुका लढले होते, त्यातल्या पाचांत पडले होते. पण लेकीला छताखाली जाताना बघून त्यांनी पाठ खांबाला आणखी घट्ट लावली.

मागच्या वेळी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला उत्तरेश्वर आज खास सवड काढून आला होता. "साहेब, खांबाचा जमाना खलास म्हणलात ना? मग लेकीला एकटीला का धाडायलात?"

सुंदररावांनी पाठ खांबापासून सोडवली. साठ फूट ते चालले. कसे चालले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. धोंडीरामनं दोन्ही हातांनी त्यांच्या हवाली दुसरा हातोडा केला आणि लगबगीनं मागं सरकला.

"नाना, तुम्ही बाहेर थांबा."

"गप बस. कुठं हाणायचं ते सांग."

"त्या पाचरीवर. माझ्याबरोबर, हलक्या हातानं. भ्या वाटतंय का?"

"मला? हॅट! तुला?"

"लई," संस्कृती म्हणाली.

आर्किटेक्टलाच भ्या वाटतं, हे नकाशात कुठंही लिहिलेलं नव्हतं.  सुंदररावांनी लेकीच्या हातोड्याकडं बघत एक ठोका मारला. दुसरा. तिसरा. पाचर हलली. चौथ्या ठोक्याला डोक्यावर कुठंतरी कट् असं वाजलं, फेट्यावर कच पडली आणि दोन्ही बल्ल्या एकदम आडव्या झाल्या.

सुंदररावांनी हातोडा टाकला, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे वर करून स्लॅब धरला.

काहीच झालं नाही. ते बराच वेळ चाललं.

मग टेपची पट्टी सरसरल्याचा आवाज आला. "तीन सूतच खाली आला, नाना, अर्धा इंचसुद्धा नाही. मी चार सूत धरले होते." संस्कृतीचा आवाज रडका होता की हसरा, ते कळेना. "उभा राहिला! काढा हात."

"तू आधी बाहीर हो."

"अहो, तो आपला आपण उभा आहे."

"मग तुला बाहीर व्हायला काय झालं? हो म्हणलं ना!"

ती बाहेर गेली. चाळीस माणसांनी टाळ्या पिटल्या. उत्तरेश्वरनंही दोन वाजवल्या. फोटो निघाले. सुंदररावांचे तळवे अजून स्लॅबलाच होते, घाम फेट्यातून कानावर उतरत होता. लेक सुटली होती. आता खाली ते एकटेच उरले होते, आणि पोरीचा अंदाज एखाद्या सुतानं चुकलाच असला तर तो कुणाच्या डोक्यावर येणार, हे त्यांना आत्ता आत्ता दिसायला लागलं होतं.

"साहेब, दोन शब्द बोला!" लोक ओरडले.

सुंदररावांनी मान न वळवता हाक मारली, "धोंडीराम, इकडं ये. हळू ये, पाय आपटू नको. अन् येताना तांब्याभर पाणी आण बे. तुलाच पाजावं लागंल, माझे हात गुतलेत."