हिरवं पाकीट

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीत कर्र-कर्र आवाज झाला. युएमेईने पाय उचलला. आवाज थांबला. पुन्हा दाबला, की कर्र-कर्र.

आठ वाजता तैतुंग शहरातल्या इस्पितळात नवऱ्याचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, आणि या गावाला बस येत नाही. मागच्या महिन्यात गाडी घाटातच बसली. डायलिसिसची एक खेप चुकली, तर दोन दिवसांत पाय भोपळ्यासारखे सुजले. आता तो, चिन्फा, मागच्या सीटवर पांघरूण घेऊन आडवा झाला होता.

गाडी चार लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली. म्हणजे चंद्राला शिवून परतीच्या वाटेला लागलेली. समोरून येणारे ट्रकसुद्धा तिला वयाचा मान देऊन बाजूला होत. ती घाटात बसली तेव्हा आकुन मिस्त्री तिच्याखाली अर्धा तास झोपला आणि बाहेर येऊन डॉक्टरसारखा हळू आवाजात बोलला, की गिअरबॉक्स कधीही जाईल, दुसरा टाकायचा तर गाडीच्या किमतीच्या दुप्पट खर्च. मग त्यानेच मक्याच्या पोंग्यांचं एक हिरवं पाकीट दिलं. गिअरजवळ ठेव म्हणाला.

यंत्राजवळ हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे त्यांच्या देशात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. इस्पितळातल्या यंत्रांवरही असतं. फक्त तारीख उलटू द्यायची नाही आणि फोडायचं नाही. एका लिफ्टवरचं पाकीट कुणी खाल्लं, तर लिफ्ट रुसून वर जाऊन बसली आणि तीन दिवस खाली आली नाही, असं आकुन शपथेवर सांगायचा.

युएमेईने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं.

कर्र.

ती मागे वळली. "तोंड उघड."

चिन्फाने मान हलवली. त्याच्या हनुवटीला पिवळा चुरा लागला होता.

"म्हाताऱ्या माकडा, पाकीट फोडलंस?"

एकच खाल्ला, म्हणाला तो. पाकीट तळापर्यंत रिकामं होतं.

गिअरबॉक्स नव्हता, म्हातारा होता. तिला इतकं हसू आलं की स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. मग डोकं वर केलं आणि समोरचा चढ दिसला. अजून नऊ वळणं. वाटेत एक दुकान नाही.

"फुगव ते," ती कुजबुजली.

"काय?"

"फुंकर मारून फुगव आणि तोंड घट्ट धरून बस. आणि हळू बोल, हिला कळता कामा नये."

चिन्फाला दम कुठला. तीनदा थांबून त्याने पाकीट फुगवलं आणि तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं. युएमेईने किल्ली फिरवली. गाडी निघाली. चौथं वळण गेलं, पाचवं गेलं. दोघंही श्वास जपून घेत होते.

सहाव्या वळणावर कर्र-कर्र झालं.

"चिन्फा," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

तिने आरशात पाहिलं. दोन्ही मुठींत फुगलेलं पाकीट धरून चिन्फाने भला मोठा आ केला होता. आत जीभ होती, उरलेले दात होते. बाकी काही नव्हतं.