अठ्ठेचाळीस तास

जुन्या बाथटबांवर नवा पांढरा लेप चढवणं, हे माझं काम. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरातल्या एका घरात डोलोरेसबाई अकरा वर्षं भाड्यानं राहिल्या, आणि टबाच्या पोपड्यांनी अंग खरचटतं म्हणून अकरा वर्षं घरमालकाच्या मागे लागल्या. स्टॅव्हरोससाहेबांचं उत्तर ठरलेलं, "करू की, पुढच्या उन्हाळ्यात!" बाईंनी घर सोडायची नोटीस दिली आणि भर जानेवारीत साहेबांना उन्हाळा आठवला. नवा भाडेकरू येणार होता ना!

मी लेपाचा शेवटचा हात मारला, तेव्हा बाई बाहेरच्या खोलीत खोकी बांधत होत्या. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं.

"काय चकाकतोय मेला! जाताजाता एक आंघोळ उरकू का हो?"

"अठ्ठेचाळीस तास पाण्याचा थेंब नको, बाई. नुसतं बोट लावलंत तरी ठसा उमटेल."

"अस्सं? मला तर उद्या सकाळीच चावी द्यायचीय," बाई गोड हसल्या आणि परत खोक्यांकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी कडेच्या चिकटपट्ट्या काढायला गेलो, तर टबाच्या मधोमध दोन पावलं उमटलेली. दहाच्या दहा बोटं स्पष्ट, अगदी सावकाश उभं राहून उमटवलेली.

"अरे देवा!" स्टॅव्हरोससाहेब किंचाळले. "नवा भाडेकरू संध्याकाळी येतोय! हे आत्ताच्या आत्ता नीट करून दे!"

मी शांतपणे हत्यारांची पेटी उचलली.



"करू की साहेब, पुढच्या उन्हाळ्यात!"